एकदम काढलेली वाळू

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात एका मुलीच्या बोनाफाईडवर शिक्का मारत होते. शेजारच्या शांतावहिनी बोलत होत्या. "आक्का, घरला या लवकर. दिनूभाऊ खुर्चीत बसल्यात, पण हाक मारली तर बोलंनात..." मी शिक्का नीट मारला, कागद मुलीच्या हातात दिला आणि मग उठले. हे ऐकून काही जण माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात. मला त्याचं काही वाटत नाही. मुलगी उभी होती, तिचं काम होतं. ज्याचं वाटतं ते वेगळं आहे, आणि गेल्या सहा आठवड्यांत ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

दिनकर माझा धाकटा भाऊ. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत वाळूचे साचे बनवायच्या खात्यात होता. लग्न झालं नाही. आधी स्थळं येत होती तेव्हा याला पसंत पडत नव्हती, याला पसंत पडायला लागली तेव्हा स्थळं यायची थांबली. माझे यजमान गेल्यानंतर तो माझ्याच घरी वरच्या खोलीत राहायला आला. जेवण खाली, संसार वर. आणि संसार म्हणजे चार फुटी काचेची टाकी. साधे मासे नव्हेत, समुद्रातले. मीठ मोजून पाणी तयार करायचं, ते तपासायचं, त्यात प्रवाळ वाढवायचं. कोल्हापुरात समुद्र आणून ठेवला होता म्हणा. त्याचे मित्र यायचे, काचेला नाक लावायचे आणि विचारायचे, "दिन्या, ह्याचा रस्सा किती माणसाला हुईल?" एक मोठा पिवळा मासा सगळ्यांना दमात घेत फिरायचा, त्याचं नाव सरपंच. टाकीच्या तळाला चार बोटं जाडीची पांढरी वाळू होती. मी एकदा म्हणाले, "दिवसभर वाळूत लोळून येतोस, घरात आणि वाळूच?" तर म्हणाला, "आक्का, तिथली जळकी, काळी. ही जित्ती हाय. हात लावून बघ की." वाळूत बारीक किडे, गोगलगायी असतात आणि घाण खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात, असं त्याचं म्हणणं. मला ती फक्त घाण दिसायची.

गेल्या पावसाळ्यात त्यानंच ठरवलं की वाळू काढून टाकायची. आठ-नऊ वर्षांची घाण तळाला बसली होती, काचेवर शेवाळ धरत होतं. वाळू काढून तळ नुसता काचेचा ठेवला की घाण साठत नाही, दिसली की नळीनं ओढून घ्यायची. हे ऐकून मला बरं वाटलं, त्याला पहिल्यांदा शहाणपण सुचलं असं वाटलं. पण त्याची रीत म्हणजे दर रविवारी एक वाटी. फक्त एक वाटी! मी म्हणाले, "अरे, असं वाटी-वाटीनं काढलीस तर दिवाळी जाईल." तो म्हणाला, "जाऊ दे की. खालची घाण एकदम उकरली तर पाण्यात इख हुतंय. सगळी मरत्याल." हे त्यानं मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

दोन वाट्या निघाल्या आणि त्याच्या छातीत दुखायला लागलं. बायपास झाली. तो दवाखान्यात असताना नवरात्र जवळ आलं आणि मी दसरा काढला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, पडदे, पोती, जे काही आहे ते सगळं धुऊन काढतात. न धुतलेली एक वस्तू राहिली तरी जिवाला चैन पडत नाही. शाळेला चार दिवस रजा टाकली. गोधड्या झाल्या, डबे झाले, वरची खोली झाली. राहिली टाकी. मला वाटलं, एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर हा कुठं वाट्या भरत बसणार? करून टाकू, आल्यावर खूश होईल. पदर खोचला आणि केराच्या सुपलीनं वाळू उपसून बादलीत भरली. वरची पांढरी, खालची काळीकुट्ट. नासक्या अंड्यासारखा वास आला. पाणी धुण्याच्या पाण्यासारखं झालं. तिथंच थांबायला हवं होतं... पण हातात घेतलेलं काम अर्धं टाकायची मला सवय नाही. सगळी वाळू काढली, अंगणात नेऊन ओतली. तासाभरानं वर गेले तर मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडत होते. संध्याकाळपर्यंत सरपंच गेला. त्याच्यामागं आणखी चार. दोन नारिंगी मासे तेवढे जगले. मेलेले मी परसात पेरूखाली पुरले आणि हात धुऊन फराळाची भाजणी दळून आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी दोन तास वीज नव्हती. हे खरं आहे. खोटं बोलायला एवढं खरं पुरतं.

दिनकर घरी आला, जिना हळूहळू चढला आणि टाकीपुढं उभा राहिला.

"सरपंच कुठाय?"

"लाइट गेलती रे. दोन-तीन तास."

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "बॅटरीवरचा हवेचा पंप आणून ठेवलाय मी. लाइट गेली की आपोआप सुरू हुतोय. दोन महिनं झालं, पेटीतनं काढला न्हाई. माझीच चूक." मग खाली वाकून तळाकडं बघितलं. "वाळू रोज थोडी थोडी, हळूहळू काढलीस न्हवं?"

मी "व्हय" म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित... पण त्याचा काय दोष? तो विश्वास ठेवणारा माणूस होता आणि मी कधी खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती आहे.

नंतर पाच आठवडे तो होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं तीच गोष्ट सांगितली. फौंड्रीतला त्याचा जोडीदार फळं घेऊन आला होता. त्याला म्हणाला, "माझ्या आळसानं पाच जीव गेलं बघ. पेटी फोडायला किती वेळ लागतोय? पण न्हाई फोडली." जोडीदार म्हणाला, "अरे, तू सोता मरता मरता वाचलास, मासं काय घिऊन बसलास!" मी चहाचा कप हातात धरून दारात उभी होते. सांगायला एवढंच होतं की आळस तुझा नाही, घाई माझी. मी विचारलं, "साखर घालू का अजून?" आजारी माणसाला त्रास नको, बरा झाला की सांगू, असं मी मनाशी धरलं होतं. कामं टाळणाऱ्या शिपायाला मी रोज ज्या कारणावरून बोलते, तेच हे कारण.

घरी आल्यावर पहिलं काम त्यानं काय केलं असेल, तर तो पंप बसवला. मी ओरडले, टाके अजून ओले आहेत म्हणून. तो म्हणाला, "पावशेर वजनाचा हाय, आक्का. एकदा चुकलो, दोनदा न्हाई." खुर्चीत बसून, थांबत थांबत, त्यानं सकाळभर ते काम केलं. त्या कामानं काही झालं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो गेल्यावर मी मुद्दाम विचारलं होतं.

टाकी देऊन टाका, असं सगळे म्हणतात. दिलेली नाही. रोज सकाळी तळावर पडलेली घाण नळीनं ओढते, पाणी तपासते, त्याच्या वहीत आकडे लिहिते. दोन मासे आहेत, ठीक आहेत. तेराव्यानंतरच्या रविवारी दुपारी मी वर होते आणि वीज गेली. पंखा थांबला, टाकीतला उजेड गेला, आणि लगेच तो पंप आपणहून सुरू झाला. बारीक घुर्रर्र आवाज, पाण्यात बुडबुडे. त्याच्या खुर्चीत मी बसत नाही, त्या दिवशी बसले. पंपाच्या आवाजातूनही ऐकू जावं अशा बेतानं, मोठ्यानं म्हणाले, "दिन्या, मासं लाइटनं न्हाई गेलं. मी वाळू एकदम काढली."

पंप चालत राहिला. तासाभरानं वीज आली, तेव्हा बंद झाला.