काळा धूर आणि साडीचा तुकडा

परवा माझ्या दिराचा, प्रकाशचा टेम्पो सुरतेत पर्वत पाटियाच्या पुलावर चढेचना... मागे काळाकुट्ट धूर आणि खोळंबलेल्यांचे हॉर्न. आठवड्यात तिसऱ्यांदा. ज्यांचं कापड तो पोचवतो त्या कडोदऱ्याच्या शेठने बजावलं होतं, कापड पुन्हा उशिरा आलं तर दुसरी गाडी लावीन.

टेम्पो कसाबसा लिंबायतच्या गॅरेजमध्ये आणला. मी तिथेच पोचले. मिस्त्रीने धूर बघून निकाल दिला, "एन्जिन खोलवुं पडशे, बेन." इंजिन खोलायचं म्हणजे आठ दिवस गाडी उभी, आणि शेठचं काम गेलंच. प्रकाश नुसता मान डोलावत होता. मला हे मान डोलावणं अजिबात चालत नाही.

मी पस्तीस वर्षांपूर्वी बीएस्सी झाले. गाडी चालवता येत नाही, पण जळायला हवा लागते हे पक्कं माहीत आहे. शिवाय आदल्या दिवशी धुराच्या रंगांबद्दल वाचून ठेवलं होतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे बहुतेक वेळा हवा कमी पडतेय. मी म्हटलं, मी बीएस्सी आहे, आधी हवा आत कुठून जाते ते दाखवा.

"कॉलेजमां आ बधुं शिखवाडे छे?" कॉलेजात हे सगळं शिकवतात का, म्हणून मिस्त्री हसला.

"हो. पाना घ्या."

हवेच्या नळीचं तोंड उघडं केलं... तर तिथे जॉर्जेट साडीचा दुहेरी तुकडा, सुतळीने घट्ट आवळलेला.

"वहिनी, तो मीच बांधलाय," प्रकाश हळूच म्हणाला.

टेम्पो दिवसभर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या दाराशी उभा असतो, तिथे सुताचे तंतू उडतात. हवेचा फिल्टर खराब होऊ नये म्हणून हा इलाज. आमच्या सुरतेत गळक्या नळापासून फाटक्या सीटपर्यंत सगळ्याला साडीचा तुकडाच बांधतात... या तुकड्यावर तंतूंचा गोधडीएवढा थर साचला होता. इंजिन बिचारं नाक दाबून पूल चढत होतं.

तुकडा काढला, फिल्टर बदलला. मी स्वतः पुढे बसले. भरलेला टेम्पो पुलावर असा चढला की आरशात धुराची रेघ नाही. माल दुपारीच कडोदऱ्याला पोचला, शेठचं काम राहिलं.

आता दर रविवारी माझ्यासमोर फिल्टर झटकायचा, असा नियम केलाय. काल प्रकाश आला तर मागे एक अनोळखी टेम्पो. मिस्त्रीनेच पाठवलेला... बेनना आधी धूर दाखवून या म्हणून.

धूर निळा होता. म्हटलं, मिस्त्रींना सांगा, याचं इंजिन मात्र खोला.

जळायला हवा लागते हे केमिस्ट्रीच्या बाईंनी तेव्हा वर्गाबाहेर काढायची धमकी देऊन शिकवलं होतं. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.