पांढरीआईचा चेहरा

आमच्या वाचनमंडळाला नाव नाही. एकदा ठेवायचं ठरलं होतं, पण त्यावरून एवढी वादावादी झाली की त्यापेक्षा बिननावाचं बरं, असं सगळ्यांना पटलं. आम्ही चौघं आहोत. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले सर. धाराशिवात फोटोला फ्रेम करून देणारे भाई, ज्यांच्या दुकानात अर्धं शटर ओढून आम्ही बसतो. तेरहून एसटीनं येणारी माझी थोरली जाऊ, म्हणजे अक्का. आणि सरकारी कचेरीत फायली पुढं ढकलणारी मी. चित्रांचं वेड चौघांनाही, पण मोठ्या दालनात जाऊन खरी चित्रं पाहिलेले एकटे सर, तेही शाळेची सहल सांभाळत. बाकीच्यांनी चित्रं पाहिली ती पुस्तकांत.

पुस्तक निवडायची आमची एक रीत आहे. प्रत्येकानं एक पुस्तक आणायचं, पण त्याचं पहिलं पान शेजाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. म्हणजे कुणाला आवाज चढवून आपलंच घोडं पुढं दामटता येत नाही. पान संपल्यावर ज्या पुस्तकाला कुणीतरी आपसूक "पुढं?" असं विचारतं, ते घ्यायचं. एवढंच. एकाच पुस्तकाच्या चार प्रती घेणं आम्हाला परवडत नाही आणि एकेकानं वाचत बसलं तर वर्ष जातं. म्हणून भाई आपल्या कटरनं पुस्तक उसवून त्याचे चार भाग करतात, फ्रेमच्या मागं लावायचा पुठ्ठा प्रत्येकाला चढवतात आणि आम्ही ते आळीपाळीनं फिरवतो. पहिल्यांदा सर जाम चिडले होते. हा पुस्तकाचा खून आहे म्हणाले. आता तेच आधी येऊन आपला भाग बळकावतात.

या पद्धतीत कुणाला आधी शेवट हाती येतो, कुणाला मधलाच भाग. चित्र चोरलं कुणी हे भाईंना सुरुवातीलाच कळलं, तर त्यांच्या पोटात राहत नाही. चोराचं नाव निघालं की ते हसत सुटतात आणि चोर कोण ते आम्हाला कळतं.

आवडीही ठरलेल्या. सरांना चित्रकारांची चरित्रं. भाईंना नकली चित्रं करून बड्या बड्यांना टोपी घालणारे लोक. मला चोऱ्या. अक्कांना चित्रकार घरी कसा होता, बायकोशी नीट वागायचा का, यात जास्त रस. पण त्या कधी आपलं पुस्तक लावून धरत नसत. "वाचा की तुमचं, मला काय, समदंच नवं," असं म्हणून मोकळ्या व्हायच्या. मला त्यांच्या या सोशिकपणाचा कधी कधी रागच येई.

भांडण व्हायचं ते सर आणि भाईंचं, सहीवरून. सर म्हणत, ज्यानं काढलं त्यानं सही करायलाच हवी, सही म्हणजे जबाबदारी. कॅलेंडरच्या मागं सहज ओढलेल्या रेघांखालीही ते सही ठोकतात. भाई म्हणत, "सर, नकलीवाल्यांची समदी गडबड सहीतच हाय. सहीच नसती तर त्यांना कोनी पुसलं असतं?" यावर चहा येईपर्यंत चालायचं.

त्या खेपेला मी आणलेलं पुस्तक मूर्तिचोरीवर होतं. देवळांतून, शेतांतून, जुन्या टेकाडांतून वस्तू कशा उचलल्या जातात आणि कुठं कुठं जाऊन पोचतात, असा विषय. पहिलं पान अक्कांच्या वाट्याला आलं. त्यांनी ते वाचलं, भाईंनी लगेच "पुढं?" विचारलं, आणि अक्का म्हणाल्या, "हे नको."

आम्ही तिघंही त्यांच्याकडं बघत राहिलो. अक्का आणि नको!

"का हो अक्का?" मी विचारलं.

"उगंच. आपल्या भागातल्या गोष्टी, आपनच काय वाचायच्या."

हे काही कारण झालं का? मी माझा हेका सोडला नाही. रीत म्हणजे रीत, आणि "पुढं?" विचारून झालं होतं. भाईंनी कटर फिरवलं. अक्कांना तिसरा भाग मिळाला, आणि तो पुढच्या बैठकीला परत आला नाही. विसरले म्हणाल्या. त्याच्या पुढच्या बैठकीला त्या स्वतःच आल्या नाहीत.

सर कुरकुरायला लागले. मग मीच तेरला गेले. खरं तर भांडायलाच गेले होते.

आमचं सासर तेरचं. गावाबाहेर जुन्या वस्तीचं टेकाड आहे, त्याला आमच्याकडं पांढरी म्हणतात. पाऊस पडून गेला की त्या मातीत रंगीत मणी वर येतात, खापरं येतात. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे आणि कुणाला त्याचं फारसं कौतुक नाही. सासऱ्यांच्या आजोबांना तिथंच नांगराच्या फाळाला एक भाजलेल्या मातीची बाई लागली, बोटभर उंचीची. त्यांनी ती धुतली, देव्हाऱ्यात ठेवली आणि ती पांढरीआई झाली. तिची पूजा थोरल्या सुनेकडं असते. माझ्या सासूबाईंनी अक्कांच्या ओटीत ती घातली तेव्हा अक्का नवी नवरी होत्या. त्या पूजेचा मला कधी हेवा वाटला नाही. रोज पहाटे उठून दूध-दह्यानं न्हाऊ घाला, मग हळद, मग कुंकू. सुटले बाई, असंच मला वाटायचं.

मी गेले तेव्हा देव्हाऱ्यातले बाकीचे देव न्हालेले होते आणि पांढरीआई कोरडीच होती. तिच्याशेजारी पुठ्ठा लावलेला तिसरा भाग.

"वाचलंस का तू हे?" अक्कांनी विचारलं.

"कसं वाचणार? तुम्ही तर धरून बसलाय."

"जमिनीत घावलेली जुनी वस्त सरकारला कळवावी लागती म्हनं. न्हाय कळवली तर ती चोरीच." त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "आपन चोर हाव का गं?"

मी हसून घालवायला गेले. म्हटलं, आजोबांच्या काळात कुठला आलाय कायदा, आणि बोटभर मातीला कोण विचारतंय. अक्का ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तसं न्हाय. मंग मी तिला ठिवू का न्हाय, येवढं सांग. मी तिला समदं सांगत आले. सासूबाई गेल्या तवा, आपरेशनच्या वक्ताला, समदं. ती न्हाय म्हटल्यावर मी सकाळी उठून करू काय?"

चोरीची पुस्तकं आवडीनं निवडणारी मी, पण चोरीच्या दुसऱ्या टोकाला माझी जाऊ देव्हाऱ्यासमोर बसलेली असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, तो नेमका कुणाचा ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या बैठकीला अक्का आल्या त्या स्टीलचा डबा घेऊन. डब्यात कापूस, कापसात पांढरीआई. सरांनी चष्मा पुसून तिला उजेडात धरलं, उलटीपालटी केली. केसांची मागची वळणं अजून स्पष्ट होती, कमरेची मेखलाही. पुढून मात्र गुळगुळीत गोळा.

"चेहरा कुठाय?" सरांचा आवाजच चढला. "मातीची वस्तू रोज दह्यानं धुतात का कुणी? चिंचेनं घासलं असेल वर! पांढरीत इतकी वर्षं टिकली आणि तुम्ही घरात आणून चेहरा धुऊन टाकलात!"

"सर," भाई मधे पडले, "जरा दमानं."

अक्कांनी डबा पुढं सरकवला. सरांनी मूर्ती कापसात ठेवली. त्यांचा राग उतरत होता, पण आता बोललेलं परत घेता येत नव्हतं. भाई म्हणाले, "भाभी, ठिवायचं का द्यायचं ते तुमी ठरवा. आमी कोन सांगनारे." आणि खरंच, आमच्यापैकी कुणी काही सांगितलं नाही.

अक्कांनीच ठरवलं. एका सकाळी त्यांनी तिला शेवटचं कुंकू लावलं, ओटी भरली आणि मला सोबत घेऊन गावातल्या संग्रहालयात नेऊन दिली. तिथल्या माणसानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, नीट नोंद केली आणि वाचून दाखवली. भाजलेल्या मातीची स्त्री-आकृती, चेहरा नाही.

"चेहरा हाय," अक्का म्हणाल्या.

त्या बापड्यानं पुन्हा पाहिलं आणि वही मिटली. घरी जाऊन अक्कांनी देव पुसले, आणि त्यांचा हात मधल्या रिकाम्या जागेवर जाऊन थांबला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले.

नंतरची बैठक नवं पुस्तक निवडायची होती. अक्का येतील असं मला वाटत नव्हतं. त्या आल्या, तिसरा भाग परत केला, आणि पुस्तक मात्र आणलं नव्हतं. सरांनीही आणलं नव्हतं. त्यांनी आणला होता जाड कागद आणि पेन्सिली.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी मी नको ते बोललो. चेहरा आहे म्हणता ना तुम्ही? मग सांगा मला."

अक्का आधी लाजल्या. मग सांगायला लागल्या. कपाळ रुंद, डाव्या भुवईपाशी बारीक खळगा. नाक लहान, शेंडा जरासा उडालेला, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासूनच. सर काढत गेले. "न्हाय, अशी न्हाय," अक्का म्हणायच्या, आणि सर खोडायचे. डोळे मोठे झाले, लहान झाले. ओठांशी तर फारच अडलं. "हसत न्हाय ती," अक्का म्हणाल्या, "पन हसायचं मनात आल्यावानी दिसती." त्या बोलताना त्यांचा अंगठा हवेतच कुणाच्या तरी गालावरून फिरत होता. रोज हळद लावायचा अंगठा तो. आम्हाला सपाट दिसलं ते त्या अंगठ्याला कधी सपाट लागलंच नव्हतं. भाईंनी दारात आलेल्या गिऱ्हाइकाला नंतर या म्हणून सांगितलं.

सरांनी ओठाची एक रेघ पुसून पुन्हा ओढली आणि अक्का बोलायच्या थांबल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

सवयीनं सरांची पेन्सिल कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली गेली.

"सही नका करू सर," अक्का म्हणाल्या. "ते तुमचं न्हाय."

सरांनी मान डोलावली आणि पेन्सिल खिशाला लावली.