जीपमधली तारीख

कशेळे-कर्जत जीपच्या त्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी तो तारीख सांगायचा. आज अमक्या गायिकेचा जन्म, आज तमक्याचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं. मग त्यांचंच गाणं लावायचा. शाळेला उशीर होतो म्हणून मी चिडायचे.

एकदा मात्र त्यानं काहीच लावलं नाही. मी विचारलं, तर आरशात बघत म्हणाला, "बाई, आज माझ्या आईची तारीख हाय. लग्नात धवले गायची ती. शेवटचा धवला आजच्याच दिवशी गायली. कोनी रेकॉर्ड नाय केला. मंग लावू काय?"

कर्जत येईपर्यंत तो ओठांतल्या ओठांत गुणगुणत होता. दर वेळी एकाच जागी अडायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.