पिल्लांसाठी केलेला अंधार

थंडीतल्या तिन्हीसांजेला आमच्या पडवीतला बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल व्हायचा, आणि त्याच्याखाली भाताच्या तुसावर पिवळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ऊब शोधायची… तुसाचा तो कोंदट, गोडसर वास अजून नाकात आहे.

पोशीरजवळच्या आमच्या वाडीत वीज नुकती आलेली, आणि तारेच्या टोकाचं शेवटचं घर आमचं. आईने हौसेने कर्जतहून खोकंभर पिल्लं आणली होती. त्यांना पंखाखाली घेणारी कोंबडी नव्हती. जी काय ऊब, ती त्या बल्बची. पण सांज झाली की घरोघरी दिवे लागत, शेतावरून आलेल्या माणसांच्या आंघोळीला कॉईलच्या शेगड्या लागत, आणि आमच्यापर्यंत येईतो वीज दमून जाई. सगळे निजले की बल्ब पुन्हा उजळे, पण तोवर ढिगाखालची काही पिल्लं गार झालेली असत. निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं, तर धुराने ती माना टाकू लागली. मेलेली पिल्लं आई पदराआड नेऊन पुरायची.

"जा गं, अनुसयाकाकीला सांग, सांजचे दिवे, शेगडी नको लावू म्हणावं," तिने एकदा मला पिटाळलं. मी इतकी लाजरी, की शेजारच्या त्या उंबऱ्याशी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. कसंबसं बोलले, तर काकी हसत सुटली.

"कोंबड्यांनी उजेडात बसायचं नि आमी अंधारात जेवायचं? आयेला सांग, काकीला येड नाय लागलं!"

आई रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिने वालाच्या शेंगा, मीठ, ओवा आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात ठासून भरला आणि सबंध वाडीला शेतात, जाळात भाजलेली पोपटी खायला बोलावलं. पोपटीला कोण नाही म्हणणार?

"दिवे, शेगड्या बंद करून या रं," एवढंच ती जाता जाता म्हणाली.

मला पिल्लांपाशी बसवलं होतं. एकेक घर काळं होत गेलं… शेतात मडक्याभोवती जाळ उठला, पेंढ्याचा नि भांबुर्डीचा वास पडवीपर्यंत आला — आणि माझ्या डोक्यावरच्या बल्बातली लाल तार हळूहळू पिवळी झाली, मग लख्ख! ढीग सुटला. पिल्लं तुसावर पसरली, एक तर पाय ताणून निजलं. वर्गातही तोंड न उघडणारी मी पडवीच्या कडेला उभी राहून ओरडले,

"आये, उजळला गं! समदी सुटी झाली!"

शेतात हसू उसळलं. त्यात काकीचा आवाज सगळ्यांत मोठा, "मोठी होऊ दे गं, मग यांनाच घालू पोपटीत!"

पण दुसऱ्या सांजेला मडकं काकीनेच भरलं होतं. थंडी सरेपर्यंत रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात जाळ लागला, आणि आईला पुन्हा एकही पिल्लू पुरावं लागलं नाही.

आज आई नाही, काकीही नाही. वाडीत वीज हवी तेवढी आहे… तरी पोपटीला निघताना प्रत्येक घर आपापले दिवे मालवतं. का, ते नव्या सुनांना ठाऊक नाही. विचारलं तर म्हणतात, "आपल्याकडं तशी रीतच हाय."