व्याह्यांच्या दारी तिरकी चाकं

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी एक पिवळी, बुटकी, जोरात पळणारी सेकंडहँड गाडी घेतली आणि त्या दिवसापासून मी दमलेला आहे.

ज्या पोराकडून ती घेतली, त्याचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या बायकोनं त्याला 'गाडी की मी' असं विचारलं होतं म्हणे. माझ्या बायकोनं, म्हणजे सुनंदानं, मला असं काही विचारलं नाही. तिला उत्तराची भीती वाटली असणार, असा माझा समज होता. (ती म्हणते, तिला घाई होती, कुकर लावायचा होता.) त्या पोरानं गाडी खाली बसवून घेतली होती, रुंद टायर टाकले होते आणि पुढच्या चाकांचा झुकाव कमीजास्त करता येईल असे खास बोल्ट बसवले होते. सोलापुरातला एकही गतिरोधक तिच्या पोटाला हात लावल्याशिवाय तिला सोडत नसे.

आमची मधुरा पुण्यात नोकरी करते. तिनं आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा रोहन, करमाळ्याचा. त्याच्या घरी आम्ही पहिल्यांदाच जाणार होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"बाबा, रोहनच्या बाबांचं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. घराच्या खालीच. आलेल्या माणसाचं तोंड ते नंतर बघतात, आधी टायर बघतात. तुम्ही एसटीनं या."

शेवटचं वाक्य मला ऐकू आलं नाही. माझी गाडी जरा डावीकडे ओढत होती. आता व्याह्यांच्या दारात ती अशी नेऊन उभी करायची, की त्यांनी वाकून बघावं आणि म्हणावं, वा सर, कुणी केलं हे? आणि मी नम्रपणे खाली बघावं.

कुठल्याही दुकानात हे काम अर्ध्या तासात झालं असतं. पण मी ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवतो. त्या संध्याकाळी मी ताटावरच दोन वाट्या उभ्या धरून सुनंदाला समजावून सांगितलं. चाकं वरच्या बाजूनं आत झुकली, की वळणावर गाडी रस्ता घट्ट धरते. त्या झुकावाला कँबर म्हणतात. आणि चाकांची तोंडं एकमेकांकडे आहेत की एकमेकांपासून फिरवलेली, त्याला टो म्हणतात.

"आणि सरळ असली तर?" तिनं विचारलं.

"तर शून्य."

"मग शून्य ठेवा आणि वाट्या द्या इकडे. आमटी वाढायचीय."

रविवारी सकाळी मी गल्लीत गाडी जॅकवर घेतली. मोबाइलमधली कोन मोजणारी लेव्हल चाकाला टेकवून कँबर चांगला अडीच अंश आत घेतला. (एक अंश पुरला असता. पण मी बघितलेल्या व्हिडिओतला माणूस अडीच म्हणाला होता आणि त्याचे दंड फार भरदार होते.) कँबर हलवला की टो बिघडतो, म्हणून गाडीच्या दोन्ही अंगांना चार प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या, त्यांना सुतळ्या ताणून बांधल्या, सुतळ्या गाडीला समांतर केल्या आणि मग आत जाऊन अंघोळ केली, चहा घेतला. परत येऊन सुतळीपासून चाकांची अंतरं मोजली. टो भलताच बिघडलेला निघाला. तो दुरुस्त करायला दुपार झाली. कंबर धरली. पण शेवटी चाकं सुतळीला मिलिमीटरपर्यंत समांतर झाली आणि मी समाधानानं रस्त्यावरच बसलो.

गल्लीतून एक फेरी मारली. गाडी सरळ जाताना स्टीअरिंग थोडं तिरकं राहत होतं. मी मान तिरकी करून बघितलं. सरळ दिसलं.

पुढच्या रविवारी निघालो. मागच्या सीटवर माझे सासरे अण्णा होते. ते नातेपुत्याचे, आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. काळा चष्मा लावून, गुडघे छातीशी घेऊन ते बसले होते.

मोहोळ आलं तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, गाडी सरळ चाललीया, पन तुमी वळून बसलाय. आसं कसं?"

परफॉर्मन्स गाड्यांचं असंच असतं, असं मी सांगितलं.

"व्हय का," अण्णा म्हणाले. पटलं नाही, की ते एवढंच म्हणतात.

टेंभुर्णीला चहाला थांबलो, तोवर पुढून बारीक कण्हल्यासारखा आवाज यायला लागला होता. मी खाली उतरून टायर बघितले. बाहेरून नव्यासारखे होते. आतल्या बाजूनं बघायला झोपावं लागलं असतं आणि अंगात नवा सदरा होता. करमाळा जवळ आलं तसा आवाज रडण्यावर गेला आणि वास सुटला. साखर कारखान्याचा वास असावा, असं मी म्हणालो.

"कारखान्याचा वास मी जलमभर घेतलाय," मागून अण्णा म्हणाले. "ह्यो त्यो न्हाय."

व्याह्यांच्या घरासमोर सगळे स्वागताला उभे होते. मी ऐटीत वळण घेतलं, गाडी कुत्र्याचं शेपूट दारात सापडावं तशी ओरडली आणि बरोबर त्यांच्या पायाशी पुढचा डावा टायर बसला. बाळासाहेब, म्हणजे व्याही, हात जोडून पुढे आले होते. जोडलेल्या हातांनीच ते खाली बसले. त्यामुळे त्यांचा पहिला नमस्कार टायरला मिळाला. त्यांनी आतल्या बाजूनं बोट फिरवलं. रबर संपून तारा बाहेर आल्या होत्या. दुसरा टायरही त्याच वाटेवर होता.

"सर, हे केलं कुणी?"

हाच प्रश्न मला हवा होता. फक्त आवाज वेगळा होता. मी सांगून टाकलं की सोलापुरात एकाकडे करून घेतलं.

"त्याचा नंबर द्या मला," बाळासाहेब शांतपणे म्हणाले. "असा माणूस जीव घेईल एखाद्याचा. मी बोलतो त्याच्याशी."

मी मोबाइल काढून नंबर शोधायला लागलो. काय शोधत होतो ते देवाला ठाऊक. तेवढ्यात अण्णा गाडीतून बाहेर निघाले. त्यांना बाहेर यायला वेळ लागतो, पण ते वेळेवर आले.

"नंबर कशाला?" ते म्हणाले. "हितंच हुबा हाय की."

सुनंदा समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. मी मोबाइल खिशात ठेवला. बाळासाहेब हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डॉक्टरसारखी चौकशी सुरू केली. कशानं मोजलं? सुतळीनं. सुतळीची पद्धत चांगली आहे, आम्हीही तेच करायचो, ते म्हणाले. सुतळी कशाला बांधली होती? खुर्चीला.

"मग खुर्ची हलली असेल."

"खुर्ची कशी हलेल? मी स्वतः मापून ठेवली होती."

"पद्माक्का बसल्या होत्या की तिच्यावर," सुनंदा भिंतीकडे बघतच म्हणाली. पद्माक्का म्हणजे आमच्या शेजारीण. "तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा. शेंगा निवडत होत्या. ऊन लागलं म्हणून सावलीत ओढून घेतली त्यांनी. मला वाटलं, तुम्हीच बसायला दिलीत."

म्हणजे मी दिवसभर खपून गाडीची चाकं पद्माक्कांच्या सावलीशी समांतर केली होती.

मधुरा आणि रोहन पुण्याहून पोचले, तेव्हा गाडी दुकानातल्या खड्ड्यावर होती, बाळासाहेब चांगला शर्ट काढून बनियनवर खड्ड्यात उतरले होते आणि मी वरून बॅटरी धरली होती. मधुरानं एकदा माझ्याकडे, एकदा टायरकडे बघितलं आणि ती पोहे खायला आत गेली. लग्नाची बोलणी खड्ड्यातच झाली. जानेवारीतला मुहूर्त चालेल का, असं त्यांनी खालून विचारलं; चालेल, असं मी वरून सांगितलं. मशीनच्या पडद्यावर लाल दिसणारे आकडे एकेक करून हिरवे झाले. हात पुसत बाळासाहेब वर आले आणि म्हणाले, मुलगी आम्हाला पसंत आहे, देण्याघेण्याचं नाव काढायचं नाही. फक्त एक मागणं आहे.

मी हात जोडले.

"तुमच्याकडचे सगळे पाने आणि तो जॅक, लग्नात इकडे पोचते करा."

सुनंदानं मला न विचारता होकार दिला.

जानेवारीत लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सुनंदानं पान्यांच्या पेटीला हळदकुंकू लावलं आणि ती नवरीच्या गाडीत ठेवली. गाडी हलली तसा मी हमसून हमसून रडलो. चार माणसांनी मला धरलं, पाणी पाजलं, पोरगी सुखात राहील म्हणून समजूत घातली. मधुराला अजून वाटतं, बाबांचा आपल्यावर फार जीव आहे. आहेच. पण त्या दिवशी ती नीट दिसतही नव्हती, पेटी खिडकीकडच्या बाजूला ठेवली होती.