बाळंतिणीच्या खोलीतला खडू

शाळा सुटल्यापासून मी फक्त दोन माणसांवर हात उचलला आहे. दोघांचीही काही चूक नव्हती, आणि दोन्ही प्रसंग माझ्या मुलीच्या जन्मानंतरच्या दहा दिवसांत घडले. त्याआधी बत्तीस वर्षं मी तसा गरीब माणूस होतो.

उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात एका शेठच्या जीन्सच्या कारखान्यात मी कटिंग मास्टर. कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक टाकायचे, वर खडूने खुणा करायच्या आणि मशीनने चिरत जायचं. या कामात बोटं कापलेली माणसं मी पाहिली आहेत, एकदा तर एकाचं अर्धं नख मीच शोधून दिलं होतं. म्हणून ‘रक्ताला मी घाबरत नाही’ असं बायकोला लग्नाआधीच ऐकवून ठेवलं होतं.

बाळंतपण बदलापूरच्या एका लहान दवाखान्यात झालं. नॉर्मल. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पहिल्यांदा पलंगावरून उठली. मी मोठ्या तोऱ्यात तिचा दंड धरला होता. ती सरळ उभी राहिली आणि तिच्या दोन्ही पायांवरून रक्त भसकन खाली आलं. फरशीवर थारोळं झालं, त्याच्या मधोमध कलेजीच्या तुकड्यासारखी एक छोटी गाठ पडली आणि उरलेलं माझ्या चपलेत शिरलं.

रक्ताला न घाबरणाऱ्या माणसाने मग काय केलं? बायकोचा दंड सोडला आणि बाहेर पळाला.

पॅसेजमधून वॉर्डातले सफाईवाले मामा येत होते. साठीचे, किडकिडीत, एका हातात बादली, खांद्यावर पुसणं. मी त्यांची कॉलर धरली. “माझी बायको मरतेय आणि तू बादली घेऊन फिरतोस?”

“अहो, तिकडंच चाललोय, त्या उठल्या की सांड...”

वाक्य पुरं व्हायच्या आत मी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. मामा मागच्या काचेच्या कपाटावर आपटले. काच फुटली, बादली उलटली, मामांचा तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाटला. आता खोलीत एक थारोळं आणि पॅसेजमध्ये दुसरं. पहिलं देवाने केलेलं, दुसरं मी.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. पन्नाशीतली बाई, पण अशी कानफटात दिली की माझा चष्मा औषधांच्या ट्रेमध्ये जाऊन पडला. मग मानगूट धरून मला खोलीत नेलं. बायको पॅड बदलून, पाय पुसून, पलंगावर व्यवस्थित बसली होती. बाळ अंगावर पीत होतं. तिने आधी माझ्या लाल गालाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, आणि म्हणाली, “थँक्यू.”

सिस्टरने मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि बोलायला लागल्या. “नऊ महिने पोर वाढलं ती पिशवी आता रिकामी होतेय. पडून राहिलं की रक्त आत साचतं, उठलं की एकदम येतं. बाळ प्यायला लागलं की पोटात कळ येते, थोडं जास्तही जातं, कारण पिशवी आवळते. पहिले तीन-चार दिवस लाल, पाळीपेक्षा जास्त. मग गुलाबी, तपकिरी. दहा-बारा दिवसांनी पिवळट. थोडं थोडं महिना-दीड महिना चालतं. हे सगळं नॉर्मल. कळलं का पैलवान?”

त्यानंतरही त्या पुष्कळ बोलल्या. पण माझा एक कान नुकताच त्यांच्या हाताखालून गेल्याने वाजत होता, आणि दुसऱ्याने मी सोयीचं तेवढं ऐकलं. ‘नॉर्मल.’ बायकोने मात्र सगळं ऐकलं.

मामांच्या हाताला पाच टाके पडले. पोलिसांना बोलवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मामा म्हणाले, “राहू द्या. पोरगी झालीय त्याला.” यावर मी पाया पडून माफी मागायला हवी होती. मी मान खाली घालून चष्मा पुसत बसलो.

तिसऱ्या दिवशी बायको माहेरी गेली, चामटोलीला. सासूबाईंच्या घरी बाळंतिणीचे नियम पक्के. सकाळी तेलाची मालीश, कढत पाणी, ओव्याची धुरी, पोटाला घट्ट पट्टा. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे बाळंतिणीचा कपडा कोणाच्या नजरेला पडता कामा नये. पॅड बदललं की सासूबाई ते कागदात गुंडाळून लगेच न्हाणीच्या चुलीत सरकवायच्या. त्याच्यावर बाळाच्या आंघोळीचं पाणी तापायचं.

जाताना बायकोने माझ्याकडे एक वस्तू मागितली. “तुमचा खडू द्या ना एक. पांढरा.” मला वाटलं, बाळाला काजळाऐवजी काहीतरी लावायचं असेल. दिला.

मी संध्याकाळी कामावरून परस्पर चामटोलीला जायचो आणि आता बाळंतपणातला जाणकार झालो होतो. रंग कसा उतरतोय ते बायकोला विचारायचो आणि सगळ्यांना समजावायचो. “जीन्स वॉशिंगला टाकतात ना, तसंच. आधी गडद, मग फिका, मग जवळजवळ नाहीच.” आठव्या दिवशी तपकिरी झालं तेव्हा तर हा वॉश मीच दिल्यासारखा मिरवलो. कारखान्यात शेठलाही सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, “मास्टर, रोटी खाने दे यार.”

दहावा दिवस रविवार होता. मी सकाळी अकराला पोचलो. बायको खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे.

“अहो, पुन्हा लाल जातंय. पहिल्या दिवसापेक्षा जास्त. गाठीपण पडल्या, मोठ्या. दवाखान्यात जाऊ या.”

“सकाळी मालीश जोरात झाली ना,” सासूबाई चुलीकडून म्हणाल्या, “घान सुटली आसंल. जाऊ दे भायेर.”

मीही हात वर केला, सभेत करतात तसा. “नॉर्मल असतं. सिस्टरने मला समोर उभं करून सांगितलंय.”

“सिस्टरने आणखीही सांगितलं होतं,” बायको म्हणाली. “कमी झालेलं पुन्हा लालभडक झालं तर या, असं.”

“तू पड जरा. उठलीस की जास्त वाटतं.”

मेव्हणा अंगणात दुधाच्या कॅन धूत होता. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, दुप्पट रुंद. तो आतलं सगळं ऐकत होता. “भाऊजी, ती सांगतेय तर न्या ना. का त्या म्हाताऱ्याला तोंड दाखवायची लाज वाटते?”

आता खरं सांगतो. तीच वाटत होती. त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची, मामांचा तो बांधलेला हात पाहायचा, हेच मला नको होतं. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. म्हणून मी अंगणात उतरलो आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला.

त्याचा ओठ फुटला. त्याने मला उचलून गोठ्याच्या कुडावर फेकलं. मी उठून त्याच्या पोटात डोकं घातलं. तो कॅनवर पडला, कॅन माझ्या नडगीवर पडली. मग आम्ही शेणात गडबडा लोळलो. त्याने माझे केस धरले, मी त्याच्या खांद्याला चावलो. हो, चावलो. पलीकडच्या घरातले लोक धावले. सासूबाई खराट्याने दोघांना सारख्याच झोडपत होत्या. “मुडद्यांनो! घरात लेकरू निजलंय!”

तेवढ्यात आमच्या दोघांच्या मध्ये काहीतरी येऊन फट्‌ आवाज करत पडलं.

भिजलेलं पॅड होतं. चिंब, इतकं की मातीवर शिंतोडे उडाले. ज्या घरात बाळंतिणीचा कपडा मांजरालाही दाखवत नाहीत, त्या घरात अख्ख्या आळीसमोर तिने ते अंगणात फेकलं होतं. ती उंबऱ्यात उभी होती. गाऊन कमरेखाली लाल झाला होता, पायाखालचा उंबराही.

“तासातलं हे तिसरं,” ती म्हणाली. “एकमेकांना नंतर मारा. आधी मला न्या.” आणि चौकटीला घासत खाली बसली.

मी धावलो. मेव्हणा माझ्या आधी पोचला, तिला उचलून दुधाच्या टेम्पोत ठेवलं. तिने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तर हा परत घरात पळाला आणि मोबाईल हातात घेऊन आला. बाळाला शेजारणीने घेतलं. मागे रिकाम्या कॅन आपटत होत्या, मधे गोधडीवर बायको, उशाला सासूबाई, पायाशी मी. तिचे तळवे थंड पडले होते. ते मी चोळत होतो आणि माझ्या नाकातलं रक्त तिच्या पावलांवर ठिबकत होतं. रक्त कोणाचं कुठलं ते कळेनासं झालं.

दवाखान्याच्या दारात मामाच होते. हाताला पट्टी. त्यांनी मला पाहिलं. यांनी ‘डॉक्टर नाहीत’ एवढं म्हटलं तरी संपलं. मामांनी माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नाही. पट्टीच्या हाताने स्ट्रेचर ओढला.

“सकाळपासून किती पॅड?” सिस्टर धावत येत ओरडल्या.

मी सासूबाईंकडे पाहिलं. “जालून टाकली,” त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मेव्हण्याने फुटलेला ओठ पुसत मोबाईल पुढे केला. खाटेमागच्या निळ्या भिंतीचा फोटो. त्यावर माझ्या खडूने, मी थरांवर मारतो तशाच सरळ बारीक रेघा. रोजची एक ओळ. पाच, चार, चार, तीन, तीन, दोन, दोन. आणि आजच्या ओळीत प्रत्येक रेघेखाली वेळ. नऊ, साडेनऊ, दहा, सव्वादहा, पुढे आणखी तीन. दोन रेघांपाशी गोळे काढले होते, लिंबापेक्षा मोठे. त्या गाठी.

“सकाळपासून सात! डॉक्टर!” सिस्टरने स्ट्रेचर आत ढकलला. दार लागताना मला एवढंच दिसलं की डॉक्टरीणबाई दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून, बायकोचं पोट दाबत होत्या आणि ती किंचाळत होती. मी मारलेले सगळे ठोसे त्यापुढे खेळ होते.

वारेचा एक तुकडा आत राहून गेला होता. तो काढायचा होता, आणि रक्त लागणार होतं. दवाखान्यातल्या एकाची मोटरसायकल मागून मी आणि मेव्हणा उल्हासनगरच्या रक्तपेढीत गेलो. तासाभरापूर्वी ज्या खांद्याला चावलो त्याच खांद्याला धरून मी मागे बसलो होतो. तिथे माझ्या बोटाला सुई टोचली, थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो बुडायला हवा होता, माझा तरंगला. हिमोग्लोबिन कमी. मेव्हण्याचा थेंब खिळ्यासारखा तळाला गेला.

पलंगावर आडवा होऊन मूठ उघडझाप करत तो म्हणाला, “भाऊजी, तुम्हाला रक्त फक्त काढता येतं. द्यायला जमत नाही.”

पिशव्या घेऊन परतलो. त्या आत गेल्या. दारापासून शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत फरशीवर तिच्या रक्ताचा पट्टा पडला होता. मी त्याच्याकडे बघत उभा होतो. मामांनी माझ्यापुढे बादली ठेवली.

“रक्त बघून वरडायचं नसतं,” ते म्हणाले. “पुसायचं असतं. माझा हात भिजवायचा नाय, म्हणून तू पूस.”

मी गुडघ्यावर बसलो. बादलीत गरम पाणी होतं, ते ओतून थंड भरलं. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो, एवढं मला कापडामुळे ठाऊक. मामा म्हणाले, “आं? येतंय की तुला कायतरी.” त्या दिवसात मला कोणी म्हटलेलं तेवढंच एक बरं वाक्य. मी शेवटची फरशी पुसत असताना दार उघडलं आणि सिस्टर म्हणाल्या, “थांबलं. वाचली. आता रडायचं तर बाहेर जाऊन रड.”

सहा आठवड्यांनी तपासणीला गेलो. रक्तस्राव पूर्ण बंद होता, ओठांना रंग आला होता, मुलगी बाळसेदार. डॉक्टरांनी सगळं ठीक म्हटलं. निघताना बायको पॅसेजमध्ये थांबली. मुलीला सिस्टरकडे दिलं आणि मला मामांपुढे उभं केलं.

“मामा, यांना एक द्या.”

“जाऊ दे पोरी. झालं गेलं.”

“माझं झालं. तुमचं राहिलंय.”

मामांनी हात पाहिला. पट्टी निघाली होती, तळव्यावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत गुलाबी व्रण होता. ते हसले. मला वाटलं, सोडलं. मी पण हसलो, आणि तेवढ्यात त्याच हाताने त्यांनी अशी ठेवून दिली की चष्मा पुन्हा उडाला.

कान वाजत होता. बायकोने चष्मा उचलून दिला आणि म्हणाली, “नॉर्मल आहे. थोडा वेळ वाजतो.”