आईचे अकरा

परवा कुरुंद्याच्या वाटेवर हळद शिजल्याचा वास आला आणि पाचवीतली एक दुपार आठवली. वाळत घातलेली हळकुंडं मांडून मी रोमन आकडे शिकत होते. फुली म्हणजे दहा, डावीकडे एक उभं हळकुंड ठेवलं की नऊ. कधीच शाळेत न गेलेली आई शेजारी टेकली.

"नऊ काहून?"

"आधीचा एक कमी होतो, नंतरचा वाढतो."

आईने ते उभं हळकुंड उचलून फुलीच्या उजवीकडे ठेवलं. "मग हे अकरा?"

"व्हय, बराबर!"

ती ताडकन उठली आणि वडलांना हाका मारू लागली, "अवो, इकडं या! म्या अकरा लिवले!"

तेव्हा मला माझ्याच शिकवण्याचा अभिमान वाटला. तिने आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं होतं, हे आता कळतं. वडील येईपर्यंत तिने कोंबड्यांनाही तिथे फिरकू दिलं नाही.